खूनवाल्या आपा

लातूरला नव्याने बदलून आलेल्या एका फौजदारांनी स्टँडवर रिक्षावाल्याला रक्तपेढीचा पत्ता विचारला होता. रिक्षावाला म्हणाला, "म्हंजी खूनवाल्या आपाकडं ना? बसा की." फौजदार बसले, पण वाटभर त्यांचा हात कमरेच्या पिस्तुलावरून हलला नाही. पुढे हा किस्सा ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. आपा मात्र त्यावर कधी हसल्या नाहीत. "आमच्या घरात रक्ताला खूनच म्हनतेत. तुमच्या मराठीत त्याचा अर्थ असा का झाला, ते तुम्हीच बघा," एवढंच म्हणायच्या.

आपा डॉक्टर होत्या. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्यांच्या वडिलांचं कंदील आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायचं दुकान होतं. त्या गल्लीतून डॉक्टर झालेल्या त्या पहिल्याच. शिकून त्या मुंबईला राहतील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण त्या परत आल्या आणि सरकारी रक्तपेढीत रुजू झाल्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "जुळणी करायचंच काम करते दिवसभर. सोताची राहून गेली."

माणूस भेटला की नमस्कार-चमत्काराच्या आधी त्या त्याच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने हलकेच खाली ओढून बघायच्या. आत गुलाबी आहे की पांढरं, हे बघितल्याशिवाय त्यांना माणूस भेटल्यासारखा वाटतच नसे. मी नोकरीवर हजर व्हायला गेलो तेव्हा माझा नेमणुकीचा कागद टेबलावर तसाच राहिला आणि आधी माझी पापणी खाली गेली. "पालक खातोस का रे? खात जा. नाव काय म्हनलास?" मी म्हणालो, "गंगाधर." त्या दिवसापासून मी त्यांच्या हाताखाली तंत्रज्ञ झालो, आणि नंतर नांदेडला बदली झाली तरी मनाने त्यांच्या हाताखालीच राहिलो.

त्यांचं एक वाक्य आम्हा सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं होतं: "एकदा अजून बघू." पेशंटच्या आणि दात्याच्या रक्ताची जुळणी झाली, बाटली द्यायला हरकत नाही, नातेवाईक दारात उभे, तरी आपा काचपट्टी उजेडाकडे धरून म्हणायच्या, "एकदा अजून बघू." आम्ही कंटाळायचो. नातेवाईक वैतागायचे. आपा बघायच्याच.

फक्त एकदा त्यांना ते म्हणता आलं नाही. किल्लारीचा भूकंप झाला त्या दिवशी.

सकाळपासून जीपमधून, ट्रकमधून, बैलगाडीच्या फळीवरून माणसं येत होती. इमारतीत जायची कुणाची हिंमत नव्हती, म्हणून दवाखान्याच्या मैदानात सतरंज्या टाकून उपचार चालले होते. रक्त द्यायला आलेल्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. हमाल, मारवाडी, कॉलेजची पोरं, मशिदीतून थेट आलेली माणसं, सगळे बाही वर करून उभे. तेवढ्यात कुणीतरी एक आठ-नऊ वर्षांची पोर आणून ठेवली. केसात माती, पाय चेंगरलेला, ओठ खडूसारखे. गट बघितला, वरवरची जुळणी केली आणि बाटली लावली. बाटली टांगायला काही नव्हतं. आपा ती हातात उंच धरून उभ्या राहिल्या. ती संपली, दुसरी लावली. मग आणखी. दुपारी पोरीने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. आपांनी त्या दिवसांत किती मरणं बघितली त्याला हिशेब नव्हता, पण ती पोर जगली. तिचं नाव महानंदा. आई, वडील, भाऊ, बहीण, सगळे ढिगाऱ्याखाली गेले होते. जळकोटची आत्या येऊन तिला घेऊन गेली. आपा पुढे कितीतरी वर्षं, कामाने थकल्या की म्हणायच्या, "महानंदा जगली ना. चला, उठा."

वर्षं गेली. लातूर बदललं. डाळ मिलच्या बाजूने क्लासेसच्या पाट्या उगवल्या, घराघरात मेस निघाल्या, मराठवाड्यातल्या गावोगावची पोरं वह्यांचे गठ्ठे घेऊन एसटीतून उतरू लागली. महानंदाचं लग्न आत्याच्याच मुलाशी झालं. पहिलं मूल पोटातच गेलं. दुसरं जन्मलं ते पिवळंधमक, आणि दोन दिवसांनी गेलं. तेव्हा जळकोटच्या डॉक्टरांनी तिला लातूरला पाठवलं. रक्तपेढीच्या दारात ती उभी राहिली आणि म्हणाली, "आपा, मला वळखलं का? मी किल्लारीची."

आपांनी तिला जवळ घेतलं, पापणी खाली ओढली आणि मग तिचं रक्त तपासायला घेतलं. त्या दिवशी पेढीत असलेल्या एकूण एक बाटलीशी ते लावून बघितलं. प्रत्येकीशी गुठळी झाली, म्हणजे जुळणी फसली. आपांनी मला नांदेडला फोन केला. "गंगाधर, तुझ्याकडच्या सगळ्या बाटल्यांशी लावून बघ. नमुना एसटीनं पाठवून राहिले." मी बघितलं. एकही जुळली नाही.

आपा सोप्या भाषेत समजावून सांगायच्या, तेच इथं सांगतो. रक्ताच्या पेशीवर पुष्कळ खुणा असतात. ए, बी, पॉझिटिव्ह, निगेटिव्ह या त्यातल्या ठळक. बाकीच्या बारीक खुणा बहुतेक सगळ्यांत सारख्याच असतात, म्हणून कुणी विचारत नाही. महानंदाच्या रक्तात अशी एक खूण जन्मापासूनच नव्हती, जी आपल्या सगळ्यांत असते. भूकंपात तिला दुसऱ्यांचं रक्त मिळालं, तिच्या शरीराला ती खूण परकी वाटली आणि शरीर त्या खुणेविरुद्ध उभं राहिलं. पुढे पोटातल्या बाळात बापाकडून ती खूण आली, आणि आईच्या रक्ताने बाळालाच परकं ठरवलं.

म्हणजे जिच्यामुळे ती जगली, तीच बाटली तिच्या लेकरांवर उलटली होती. आणि ती बाटली आपांनी हातात धरली होती.

"तुम्ही दिलं नसतं तर ती त्याच दिवशी गेली असती," मी म्हणालो.

"हाव. मला ठाऊक हाय," आपा म्हणाल्या. "ठाऊक असून काय होतंय रे."

अशा माणसाला रक्त लागलंच, तर सगळ्यात आधी सख्ख्या भावंडांत शोधतात, तिथे जुळायची आशा सगळ्यात जास्त. आपांनी सवयीने महानंदाला विचारलं, "भाऊ-बहीण कितीजण, बेटा?" आणि विचारताक्षणीच त्यांच्या चेहऱ्याचा रंग गेला.

महानंदा म्हणाली, "दोघं व्हते. किल्लारीतच राहिले."

त्यानंतर आपांनी एकच ध्यास घेतला. जगात कुठेतरी, नव्हे, याच भागात कुठेतरी, तीच खूण नसलेलं दुसरं माणूस असणार. एका पेढीला ते सापडणार नाही, पण सगळ्या पेढ्यांनी मिळून शोधलं तर सापडेल. त्या काळात रक्तगट जीनवरून ओळखायची तपासणी आपल्याकडे नुकती येत होती. गुठळी होते का हे बघत बसायचं नाही, खूण घडवणारा जीनच वाचायचा. पण यंत्र होतं दूरच्या एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत. दुसरी एक प्रयोगशाळा हैदराबादला. आपांनी दोघांना पत्रं लिहिली, फोन केले, स्वतः जाऊन बसल्या. लातूर आणि नांदेडने रक्तदात्यांचे नमुने द्यायचे, त्या दोघांनी जीन वाचायचे, आणि निकाल चौघांनी ताडून बघायचे, असं ठरवायला त्यांची दोनेक वर्षं गेली. इकडच्या साहेबांना वाटायचं, आपले नमुने नेऊन ते लोक नाव कमावतील. तिकडच्यांना वाटायचं, या जिल्ह्याच्या पेढ्यांना नमुना धड गार ठेवता येतो की नाही. खरं सांगायचं तर दोन्ही शंका अगदीच खोट्या नव्हत्या. उन्हाळ्यात अहमदपूरच्या पुढे एसटी बंद पडली तेव्हा एक अख्खा खोका नासला होता.

शेवटी महानंदाचा नमुना गेला. मोठ्या शहरातून उत्तर आलं: खूण आहे, जीन व्यवस्थित आहे, तुमच्या तपासणीत चूक असावी. आपांनी तो कागद टेबलावर ठेवला. "एकदा अजून बघू," त्या म्हणाल्या, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. हैदराबादच्या प्रयोगशाळेत एक तरुण तेलुगू मुलगी काम करायची. तिने तपासणीच्या तयार किटवर विसंबून न राहता तो जीन पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला. दोष सापडला, पण किट जिथे बघतं तिथे नव्हता, पार दुसऱ्याच ठिकाणी होता. किट परदेशातल्या लोकांच्या रक्तावर बेतलेलं. त्यांच्यात जिथे बिघाड असतो तेवढंच ते बघत होतं. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेच्या सरांनी चूक मान्य केली, मोकळेपणाने केली, आणि इथून पुढे नेमकी तीच जागा आपण तपासू, असं कळवलं. आपांचा चेहरा त्या दिवशी मी शेवटचा उजळलेला बघितला.

आता दाते हवे होते, तेही पुष्कळ. आपांच्या मनात क्लासेस आले. "अरे, अख्खा मराठवाडा माझ्या दारात येऊन राहिलाय," त्या म्हणाल्या. "निलंगा, औसा, उमरगा, देगलूर. ज्या गावात मी जन्मात जाणार न्हाई, तिथलं लेकरू इथं समोरच्या मेसमधी जेवतंय." डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा देणारी रिपीटर मुलं अठरा पुरी झालेली असत. एका मोठ्या क्लासच्या सरांकडे आम्ही गेलो. सर सज्जन होते, पण म्हणाले, "मॅडम, टेस्ट सिरीज चालूय. एका पोराला चक्कर आली तर पालक मला उभा चिरतील." आपा त्यांच्याकडे जातच राहिल्या. शेवटी सरांनी एक रविवार दिला. रक्त काढायचं नाही, तपासणीपुरता थेंबभर नमुना घ्यायचा. पोरं हातात फॉर्म्युल्यांच्या चिठ्ठ्या घेऊन रांगेत उभी होती, सुई टोचताना तेवढी चिठ्ठी खिशात, मग परत हातात. आपा एकेकाची पापणी ओढून बघत होत्या. "सगळी पांढरी रे," त्या मला म्हणाल्या. "ही जेवतेत तरी काय?"

नमुने मोठ्या शहरात गेले. जाण्याआधी एक करार झाला. नावं गुप्त राहतील, नमुन्यांना फक्त क्रमांक असतील, आणि सगळं काम पुरं होऊन शोधनिबंध निघेपर्यंत कुणीही निकाल वेगळा जाहीर करणार नाही. चौघांच्या सह्या झाल्या. आपांनी सही केली तेव्हा मी शेजारी होतो. सही केली नसती तर मोठ्या शहरातल्यांनी नमुनेच घेतले नसते.

आणि त्याच सुमाराला महानंदाला तिसऱ्यांदा दिवस गेले.

"आता नको म्हनून तुला सांगितलं व्हतं की गं," आपा म्हणाल्या.

"आपा, घरात पाळणा हाय. आत्याबाई काय बोलत न्हाईत, पर त्यो पाळणा काढूनबी ठेवत न्हाईत," महानंदा म्हणाली. "मला एक बघू द्या."

आपांनी तिला रागावणं सोडून दिलं. बाळंतपणात तिलाच देता यावं म्हणून तिचंच रक्त आधी काढून ठेवायचा विचार केला, पण तिच्या अंगात होतं कुठे रक्त? गोळ्या दिल्या, खजूर दिले, दर पंधरवड्याला जळकोटहून बोलावलं. बाळ मात्र या वेळी चांगलं वाढत होतं. दर आठवड्याला आपा मोठ्या शहरात फोन करायच्या. "काही हाती लागलं का?" तिकडून उत्तर यायचं, काम चालू आहे, निकाल एकत्रच कळवू.

आठव्या महिन्यात महानंदाला रक्तस्राव सुरू झाला. मी नांदेडहून होत्या तेवढ्या बाटल्या बर्फात घालून जीपने निघालो. लातूरला पोचलो तेव्हा बाळ झालेलं होतं, मुलगी, आणि रडत होती, गुलाबी होती. महानंदा मात्र पांढरी पडत चालली होती. आम्ही सगळ्या बाटल्या लावून बघितल्या. प्रत्येकीत गुठळी. रक्त दिलं नाही तर ती जाणार होती. दिलं तर तिचं शरीर ते फोडणार होतं. सगळे आपांकडे बघत होते. आपांनी सगळ्यात बारीक गुठळी झालेली बाटली निवडली आणि स्वतः लावली. या वेळी टांगायला स्टँड होता, तरी त्या बाटलीला हात लावून उभ्या राहिल्या.

महानंदाने डोळे उघडून बाटलीकडे बघितलं. "आपा, जुळलं का?"

"जुळलं, बेटा," आपा म्हणाल्या.

मी त्यांना खोटं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. महानंदा हसली. थोड्या वेळाने तिला हुडहुडी भरली, लघवी काळी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तिच्या नवऱ्याने आपांचे पाय धरले आणि म्हणाला, "तुमी लई केलं." आपा भिंतीला टेकून उभ्या होत्या.

बाळ का वाचलं, ते नंतर कळलं. नवरा आत्याचाच मुलगा, त्याच रक्ताचा. तीच उणीव अर्धी त्याच्यातही लपून होती, आणि या मुलीने दोघांकडूनही नेमकी तीच उचलली होती. आईच्या रक्ताला ती परकी वाटलीच नाही. म्हणजे रक्ताने मुलगी आईसारखीच झाली होती, अगदी आईसारखी.

पुढच्या महिन्यात मोठ्या शहरातून निकाल आले. त्यात एक क्रमांक होता, महानंदासारखाच. लातूरच्याच रविवारचा नमुना. आपांनी फोन लावला. मी समोर होतो. "हे तुमाला कधी कळलं, सर?" त्यांनी विचारलं. तिकडचे सर म्हणाले, बरेच दिवस झाले, पण खात्री करायची होती, शिवाय करारात ठरलं होतं... तुमचीही सही आहे, मॅडम. पेशंट इतकी अडचणीत आहे हे आमच्यापर्यंत पोचलं नाही. फोन उचलणारा वेगळा, यंत्रावर बसणारा वेगळा. सर खोटं बोलत नव्हते, असं मला आजही वाटतं. आपांनी फोन हळूच खाली ठेवला.

क्रमांकावरून नाव काढायला रीतसर परवानगी घ्यावी लागली. त्या क्रमांकाची मुलगी निलंग्याकडची, प्रतीक्षा. राहायला रक्तपेढीच्या मागच्याच गल्लीतल्या होस्टेलमध्ये. आपांच्या खोलीच्या खिडकीतून त्या होस्टेलच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसायचे. आम्ही गेलो तेव्हा ती कॉटवर पुस्तकं पसरून बसली होती. आपांनी तिला तिच्या रक्ताबद्दल सगळं समजावलं. कधी रक्त घ्यायची वेळ आली तर काय सांगायचं, कार्ड कुठे ठेवायचं. मुलगी हुशार होती, नीट ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखं रक्त फार कमी लोकांचं असतं. मग कोणाला पाहिजे होतं का, मॅडम? मी देते की. आत्ता येऊ का?"

आपांनी तिच्या डोळ्याकडे हात नेला, आणि पापणी न ओढताच तो मागे घेतला. "अभ्यास कर, बेटा," त्या म्हणाल्या. जिना उतरताना त्या मध्येच पायरीवर बसल्या. वरून वह्या घेऊन येणाऱ्या मुली "एक्सक्यूज मी, मॅडम" म्हणत बाजूने उतरत राहिल्या.

आपांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. शोधनिबंधावर त्यांचं नाव छापून आलं, त्याची प्रत त्यांनी उघडली नाही. क्लासच्या सरांनी त्यांना जीवशास्त्र शिकवायला बोलावलं, तिथे काही दिवस गेल्या. एकदा मी मागच्या बाकावर बसलो होतो. रक्तगटाचा धडा चालू होता. आपा फळ्यावर लिहिताना मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "एक बाई व्हती..." पहिल्या बाकावरच्या मुलाने वही बंद करत अगदी आदबीने विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" आपा म्हणाल्या, "न्हाई." मग त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. महिनाभरात तेही सोडलं.

प्रतीक्षाचा नंबर त्या जपून होत्या. दिवाळीला, ईदला फोन करायच्या. त्या वर्षी ती परीक्षेत पुन्हा राहिली, घरच्यांनी लग्न लावून दिलं आणि तो नंबर लागेनासा झाला. निलंग्याच्या पत्त्यावर मी जाऊन आलो. घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, कारखान्यावर गेलेत, पुण्याकडं का कुठं. दोन्ही प्रयोगशाळांनी नंतर आणखी पुष्कळ नमुने तपासले. तशी दुसरी व्यक्ती अजून मिळालेली नाही.

आपा हैदराबादला भाचीकडे कायमच्या जायच्या आधी मी त्यांना जळकोटला घेऊन गेलो. त्यांनीच तसं म्हटलं होतं. महानंदाच्या मुलीचं नाव आरती. तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल. आत्याबाईंनी चहा केला. आरती अंगणात दगडावरून दगडावर उड्या मारत होती, आणि प्रत्येक उडीला आपा हातातला कप खाली ठेवून अर्धवट उठत होत्या. "तिला जरा बसवा की," त्या आत्याबाईंना म्हणाल्या.

"ऐकतीय का ती! लई वांड हाय, आईवानी," आत्याबाई म्हणाल्या.

तेवढ्यात पोर पडली. गुडघा फुटला, रक्ताची बारीक रेघ पोटरीवर आली. ती रडलीसुद्धा नाही, नुसती गुडघ्याकडे कुतूहलाने बघत बसली. आपा उठून तिच्याजवळ गेल्या, मातीतच बसल्या आणि पदराने गुडघा दाबून धरला. रक्त केव्हाच थांबलं. पोर म्हणाली, "सोडा ना, मला खेळायचंय." आत्याबाईही म्हणाल्या, "आवो, कायबी न्हाई झालं तिला, सोडा आता."

आपांनी सोडलं नाही. एसटीची वेळ झाली म्हणून मी हाक मारली तरी त्या तशाच बसून होत्या, दोन्ही हातांनी तो गुडघा घट्ट धरून.